काडी कोणाची, गवत कोणाचं

१९८३च्या जुलैमध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा म्हणे अमेरिकेतला एक नामवंत शास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. एड्स हा नवा आजार निसर्गातून आलेला नाही, मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिक इथे अमेरिकी लष्कराने जैविक अस्त्रांचे प्रयोग करताना तो घडवला, असा पत्राचा सूर होता. वर एक पुस्ती जोडलेली: असे प्रयोग आता पाकिस्तानात हलवायचं घाटतंय, तेव्हा भारताने सावध राहिलेलं बरं.

या मजकुरातल्या काही गोष्टी खऱ्या होत्या. फोर्ट डेट्रिक हे खरोखरच अमेरिकेच्या जैविक अस्त्रांचं केंद्र होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९६९ साली तो कार्यक्रम बंद करायला लावला. अमेरिका आणि पाकिस्तानचं त्या काळात चांगलंच मेतकूट होतं, हेही भारतीय वाचकाला सांगावं लागत नव्हतं. आणि एड्स कशामुळे होतो याचा छडा नुकता कुठे लागत होता. त्या विषाणूविषयीचा पहिला शोधनिबंध १९८३च्याच मे महिन्यातला. बनावट होता तो या साऱ्यांना एकत्र ओवणारा धागा. सराईत अपप्रचारक धादांत खोटं क्वचितच बोलतो. चार खऱ्या गोष्टी शेजारीशेजारी मांडून पाचवी हळूच सरकवणं, हे त्याचं कसब.

पत्राकडे तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. ‘पेट्रियट’चा ओढा मॉस्कोकडे आहे, हे दिल्लीत जाणकारांना ठाऊक होतं. पण हवं होतं ते कात्रण. ते दोन वर्षांनी कामाला आलं. ऑक्टोबर १९८५मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’ या साप्ताहिकाने एड्सवर लेख छापला आणि त्यात दाखला दिला तो या भारतीय वृत्तपत्राचा. म्हणजे आरोप आपण करत नाही, तिसऱ्या जगातलं एक दैनिक करतंय, असा साळसूद आव. त्याच्या काही आठवडे आधी सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबीने बल्गेरियातल्या आपल्या भाऊबंद संघटनेला पाठवलेला एक संदेश पुढे अभिलेखागारातून बाहेर आला. एड्स हा अमेरिकी लष्कराच्या हाताबाहेर गेलेल्या प्रयोगाचा परिणाम आहे, असं मत परदेशांत रुजवायचं आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मग पूर्व बर्लिनमधले निवृत्त जीवभौतिकशास्त्रज्ञ याकोब सेगल पुढे आले. त्यांनी हाच आरोप शास्त्रीय परिभाषेत मांडला. १९८६ साली हरारेला अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा त्यांच्या लिखाणाची पुस्तिका तिथे वाटली गेली. १९८७पर्यंत ही गोष्ट ८०हून अधिक देशांत आणि ३०हून अधिक भाषांत पोचली होती. तेव्हा मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं. होतं ते एक कात्रण आणि अमाप चिकाटी.

ती थांबली कशी? वॉशिंग्टनमध्ये १९८१पासून परराष्ट्र खात्याच्या पुढाकाराने वेगवेगळ्या खात्यांतल्या मोजक्या अधिकाऱ्यांचा एक गट काम करत होता. बनावट पत्रं, खोट्या बातम्या जमवायच्या, त्यांचा माग काढायचा आणि पुराव्यासह छापायच्या, एवढंच त्याचं काम. १९८७मध्ये या गटाने एड्सच्या कंडीचा सगळा प्रवास छापला. त्या शरद ऋतूत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी अमेरिकी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्त्झ यांच्याकडे त्या अहवालाबद्दल चिडून तक्रार केली. पण एव्हाना एड्स सोव्हिएत संघातही पोचला होता आणि त्यांना अमेरिकी वैद्यकशास्त्राची मदत हवी होती. हा अपप्रचार चालू असेतो सहकार्य विसरा, असं अमेरिकेने सुनावलं. ऑक्टोबरअखेर रोआल्ड सागदेयेव्ह आणि विताली गोल्दान्स्की या दोन बड्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ‘इझ्वेस्तिया’तून या आरोपांपासून हात झटकले. १९९२मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी या मोहिमेमागे केजीबी असल्याची कबुलीही दिली.

कबुली आली, तरी गोष्ट मेली नाही. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या कृष्णवर्णीय उत्तरदात्यांनी हा विषाणू मानवनिर्मित आहे, असं सांगितलं. याला केजीबीचं यश म्हणायचा मोह होतो. पण त्या समाजाकडे संशय घ्यायला स्वतःचं, अस्सल कारण होतं. १९३२ ते १९७२ अशी तब्बल ४० वर्षं अलाबामातल्या टस्कीगी इथे सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं होतं, आजार कसा वाढतो ते पाहायला. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. ज्यांच्या बापजाद्यांवर हे गुदरलं, त्यांना सरकारी प्रयोगशाळेविषयी काहीही सांगितलं तरी ते अशक्य कसं वाटेल? काडी मॉस्कोहून आली होती. गवत अमेरिकेनेच वाळवून ठेवलं होतं. परकीय हस्तक्षेपाची जवळजवळ प्रत्येक गाजलेली घटना उकलून पाहिली, की अशी दोन पदरी निघते, आणि बचावाच्या गप्पांत यातला एकच पदर बोलला जातो.

आता ३३ वर्षं पुढे. २१ मे २०१६, टेक्सासमधलं ह्यूस्टन शहर. तिथल्या एका इस्लामी केंद्रासमोर रस्त्याच्या एका बाजूला काही लोक ‘टेक्सासचं इस्लामीकरण थांबवा’ म्हणत उभे होते. समोरच्या बाजूला ‘इस्लामी ज्ञान वाचवा’ म्हणणारे जमले होते. मध्ये पोलीस. पहिल्या जमावाला बोलावलं होतं फेसबुकवरच्या ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या पानाने, दुसऱ्याला ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ नावाच्या पानाने. दोन्ही पानं सेंट पीटर्सबर्गमधल्या ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ या एकाच कंपनीतून चालवली जात होती. जाहिरातींवर खर्च झाला तो सुमारे २०० डॉलर. रस्त्यावरचे लोक मात्र शंभर टक्के अमेरिकी, त्यांचा राग शंभर टक्के त्यांचा स्वतःचा. बोलावणारे यजमान तेवढे जागेवर नव्हते.

या कंपनीमागचा पैसेवाला येवगेनी प्रिगोझिन. अमेरिकेने २०१८मध्ये त्याच्यासह १३ जणांवर आरोपपत्र ठेवलं. तो बरीच वर्षं कानांवर हात ठेवत राहिला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये ‘हो, आम्ही हस्तक्षेप केला, करतो आणि करत राहू’ अशा थाटात बोलून मोकळा झाला. कंपनीचा मजकूर दोन वर्षांत सुमारे १२ कोटी ६० लाख लोकांच्या नजरेखालून गेला असावा, असा फेसबुकचा अंदाज. हा आकडा तेव्हा जगभर गाजला. पण नजरेखालून जाणं वेगळं आणि मत बदलणं वेगळं. २०२३मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २०१६च्या निवडणुकीआधीच्या रशियन ट्विटर खात्यांचा हिशेब मांडला आहे. त्या मजकुराच्या एकूण दर्शनापैकी ७० टक्के दर्शन पाहणीतल्या जेमतेम १ टक्का वापरकर्त्यांच्या वाट्याला आलं होतं, आणि ते बहुतांशी आधीच कट्टर पक्षनिष्ठ होते. मतं किंवा मतदान बदलल्याचं त्यात दिसलं नाही. एका माध्यमाचा हा अभ्यास. त्यावरून सगळं निर्धोक होतं असं म्हणता येत नाही. पण ‘रशियाने निवडणूक पळवली’ हे वाक्य जितक्या वेळा उच्चारलं गेलं, तितका आपल्या मतपेटीवरचा अमेरिकी माणसाचा भरवसा उडत गेला. प्रिगोझिनला २०० डॉलरमध्ये याहून जास्त काय हवं होतं?

या खेळात फक्त रशिया आणि चीनच आहेत, असंही नाही. राज्यशास्त्रज्ञ डोव्ह लेविन यांनी १९४६ ते २००० या काळातल्या परदेशी निवडणुकांतल्या ढवळाढवळीची मोजदाद केली. त्यांना ११७ प्रसंग सापडले: ८१ अमेरिकेच्या खात्यावर, ३६ सोव्हिएत संघ आणि रशियाच्या. १९४८ला इटलीत कम्युनिस्ट निवडून येऊ नयेत म्हणून सीआयएने पैसा ओतला, तो यातलाच. ताजा दाखला अधिक बोचरा आहे. २०२०मध्ये कोविडची साथ ऐन भरात असताना अमेरिकी लष्कराने बनावट खात्यांमधून फिलिपिन्सच्या लोकांना चिनी लशीविरुद्ध भडकावलं. रॉयटर्सने ते २०२४च्या जूनमध्ये उघडकीला आणलं. एड्सच्या कंडीने पोळलेल्या देशाने हे करावं!

भारताकडेही बोट दाखवलं गेलं आहे. डिसेंबर २०२०मध्ये ब्रसेल्सच्या ‘ईयू डिसइन्फोलॅब’ या संस्थेने एक अहवाल काढला. भारताच्या बाजूने आणि पाकिस्तानविरुद्ध लिहिणारी साडेसातशेहून अधिक बनावट वृत्तसंकेतस्थळं १५ वर्षं चालवली जात होती, असा त्यातला दावा. बंद पडलेल्या संस्थांची नावं उकरून काढून ती जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत वापरली गेली होती. हार्वर्डचे कायदेपंडित लुई सोहन २००६ला वारले; २००७च्या एका बैठकीच्या उपस्थितांत मात्र त्यांचं नाव होतं. संशोधकांनी या जाळ्याचा संबंध दिल्लीतल्या एका उद्योगसमूहाशी जोडला, सरकारशी नव्हे. आणि भारत असा अपप्रचार करत नाही, असं परराष्ट्र मंत्रालयाने ठामपणे सांगितलं. मराठी वाचकाने हा अहवाल माहीत करून घ्यावा तो अशासाठी, की अपप्रचाराकडे पाहताना ‘ते’ आणि ‘आपण’ अशी वाटणी केली की निम्मं चित्र दिसेनासं होतं.

उलट टोकाची गल्लतही होते: परदेशातून आलं ते सगळं शत्रूचंच. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं. त्या महिन्यांत देशभर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या चित्रफिती व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. त्यातली खूप फिरलेली एक चित्रफीत कराचीची होती: मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलतात. मूळ फितीत पुढे ते पोराला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात, कारण ती तिथल्या एका बालसुरक्षा संस्थेची जनजागृतीची फीत होती. कोणीतरी शेवट कापला. तिच्यामागे पाकिस्तानी कटाचा काहीच पुरावा नाही. बिघाड कात्रीत होता, आणि वाटेने येणाऱ्या भटक्या माणसाला चोर मानायच्या आपल्या जुन्या सवयीत. राईनपाड्यानंतर तीन आठवड्यांच्या आत व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

मग हस्तक्षेप म्हणायचं कशाला? मजकूर कुठून आला यापेक्षा पैसा कोणाचा, आदेश कोणाचा आणि ते लपवलंय का, हे तीन प्रश्न उपयोगी पडतात. त्यांची उत्तरं मोल्दोव्हात अगदी हातात धरता येतील अशी सापडली. एप्रिल २०२४मध्ये किशिनाऊच्या विमानतळावर मॉस्कोच्या भेटीहून परतलेल्या प्रवाशांच्या सामानात रोकड निघू लागली. १० हजार युरोंहून कमी रक्कम असेल तर जाहीर करावी लागत नाही. बहुतेकांकडे त्याच्या किंचित आत. सगळ्यांची मिळून १० लाख डॉलरहून जास्त. हे प्रवासी होते फरार धनाढ्य इलान शोर याच्या राजकीय गोटातले. २०१४मध्ये मोल्दोव्हाच्या बँकांतून जवळपास १ अब्ज डॉलर गायब झाले, त्या प्रकरणात शोरला शिक्षा झालेली आणि तो मॉस्कोत आश्रयाला. २०२४च्याच ऑक्टोबरात युरोपीय संघात जायचं का यावर सार्वमत होतं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांना पैसे पोचले, तेही एका रशियन बँकेतर्फे आणि टेलिग्रामवरून सूचना देत. ‘झियारुल दे गार्दा’ या साप्ताहिकाच्या पत्रकार वेश बदलून या साखळीत शिरल्या आणि आतून चित्रण करून आणलं. २० ऑक्टोबरला सार्वमत ५०.३५ टक्क्यांनी, म्हणजे साडेदहा हजार मतांच्या आसपासच्या फरकाने, कसंबसं तरलं.

इथे ‘अपप्रचार’ हा शब्द तोकडा पडतो. हे आपल्याकडच्या गल्लीबोळांतही ओळखीचं असलेलं पाकीटवाटप होतं. त्यावरचा उपाय माध्यमसाक्षरता नव्हे. सीमाशुल्क अधिकारी, बँकांची तपासणी, आणि जिवावर उदार होऊन बातमी आणणारं एक छोटं साप्ताहिक, हे इथे कामी आले.

शेजारच्या रोमानियात औषध जालीम निघालं. २४ नोव्हेंबर २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कलिन जॉर्जेस्कू हा फारसा कोणाच्या खिजगणतीत नसलेला उमेदवार २३ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन पहिला आला. प्रचारखर्च त्याने दाखवला शून्य. टिकटॉकवर मात्र तोच तो. गुप्तचर यंत्रणांचे काही कागद खुले करण्यात आले आणि ६ डिसेंबरला, दुसरी फेरी दोन दिवसांवर असताना, परदेशस्थ नागरिकांचं मतदान सुरूही झालेलं असताना, घटनात्मक न्यायालयाने अख्खी निवडणूकच रद्द केली. खुल्या केलेल्या कागदांत संशय भरपूर होता. रशियाकडे जाणारा दुवा मात्र सामान्य माणसाला पडताळता येईल असा नव्हता. त्यातच शोधपत्रकारांनी बातमी दिली, की टिकटॉकवरच्या एका मोहिमेचे पैसे देशातल्याच एका प्रस्थापित पक्षाने दिले होते. मे २०२५मध्ये पुन्हा निवडणूक झाली, निकुशोर दान निवडून आले, देश मार्गी लागला म्हणायचा. तरीही आपलं मत आपल्याच न्यायालयाने पुसलं, ही लाखो रोमानियनांची भावना कोणत्याही परकीय यंत्रणेला फुकटात मिळालेलं भांडवल आहे. निवडणूक रद्द करणं हा इलाज असेल, तर पुरावा रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असा हवा. रोमानियाने तो दिला नाही.

तैवानने दुसरी वाट धरली. तिथवर पोचायला त्यांना ठेच खावी लागली. सप्टेंबर २०१८मध्ये जेबी वादळाने जपानचा कान्साई विमानतळ पाण्यात गेला, पुलावर जहाज आदळलं, हजारो प्रवासी अडकले. चिनी दूतावासाने बस पाठवून आपल्या माणसांना सोडवलं आणि तैवानी प्रवाशांनी ‘आम्ही चिनी’ म्हटलं तर त्यांनाही बसू दिलं, अशी बातमी चिनी संकेतस्थळांवरून तैवानच्या टीव्हीपर्यंत पसरली. प्रत्यक्षात विमानतळावर बाहेरच्या बसना प्रवेशच नव्हता. सगळ्या देशांच्या प्रवाशांना विमानतळाच्याच बसनी बाहेर काढलं होतं. दरम्यान ओसाकातल्या तैवानी कार्यालयाचे प्रमुख सू ची-चेंग यांच्यावर टीकेची झोड उठली. १४ सप्टेंबरला त्यांनी आयुष्य संपवलं.

पहिल्या दिवशी हे चिनी अपप्रचाराचं थेट उदाहरण मानलं गेलं. पुढचे तपशील तितके सोपे नाहीत. सूंच्या कुटुंबीयांनी नंतर बोट दाखवलं ते वरिष्ठांकडून येऊ घातलेल्या कारवाईकडे. आणि ओसाका कार्यालयाला झोडपणारा मजकूर इंटरनेटवरच्या संदेशफलकावर लिहवून घेतल्याबद्दल खटला भरला गेला तो सत्ताधारी पक्षाच्या वर्तुळातल्या एका तैवानी प्रचारकर्तीवर. वादळाची बातमी चीनमधून आली, पण तिच्यावर फुंकर घातली ती घरच्यांनी, राजकीय हिशेबासाठी.

या अनुभवाने शहाणं झालेल्या तैवानने काही गोष्टी केल्या. मंत्रालयांना सांगितलं गेलं, अफवा दिसली की तासाभरात उत्तर द्या. मथळा २० अक्षरांत, मजकूर २०० अक्षरांत, सोबत २ चित्रं. आणि शक्य असेल तर हसवा. २०२०च्या फेब्रुवारीत मास्क बनवायला टॉयलेट पेपरचाच कच्चा माल लागतो, असं कोणीतरी उठवलं आणि दुकानांतून कागद गायब होऊ लागला. पंतप्रधान सू त्सेंग-चांग यांनी स्वतःचं एक व्यंगचित्र प्रसिद्ध केलं: पाठमोरे उभे, कंबर हलवताहेत, आणि बाजूला लिहिलेलं, की प्रत्येकाला बूड एकच असतं, मग एवढा कागद साठवून काय करणार? खाली कोणता कच्चा माल कुठून येतो याचा छोटा तक्ता. अफवेपेक्षा चित्र वेगाने पळालं. कुठल्याही कायद्याला हे साधलं नसतं.

कायदाही आहे. परकीय शत्रूच्या पैशावर वा आदेशावर प्रचार करणाऱ्याला शिक्षा देणारा घुसखोरीविरोधी कायदा जानेवारी २०२०पासून लागू झाला. शिवाय लोकांनी स्वतः उभारलेल्या यंत्रणा आहेत. २०१६पासून चालणाऱ्या ‘कोफॅक्ट्स’मध्ये ‘लाइन’ या तिथल्या लाडक्या अॅपवर आलेला संशयास्पद संदेश पाठवायचा, स्वयंसेवक त्याची छाननी करतात आणि उत्तर येतं. पण तैवानची खरी ढाल या सगळ्यांत नाही. ती आहे मतमोजणीत.

१३ जानेवारी २०२४, अध्यक्षीय निवडणूक. देशभर सुमारे १७ हजार ८०० मतदान केंद्रं. शाळांचे वर्ग, देवळांचे मंडप, वस्त्यांची समाजगृहं. दुपारी चारला मतदान संपतं आणि मतपेटी कुठेही न हलवता त्याच खोलीत मोजणी सुरू होते. दार उघडं. कोणीही यावं, उभं राहावं, मोबाइलवर चित्रण करावं. एक कर्मचारी पेटीतून मतपत्रिका काढतो, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवतो आणि उमेदवाराचा क्रमांक मोठ्याने पुकारतो. दुसरा तोच क्रमांक पुन्हा पुकारतो. तिसरा भिंतीवरच्या मोठ्या कागदावर रेघ ओढतो. पाच रेघांचं एक चिनी अक्षर पूर्ण झालं, की पाच मतं. रात्री जेवणाच्या सुमाराला निकाल स्पष्ट होतो.

त्या रात्री आणि पुढचे काही दिवस मोजणीत घोटाळा झाल्याच्या चित्रफिती पसरल्या. कुठे कर्मचाऱ्याने चुकीच्या रकान्यात रेघ ओढल्याचा क्षण कापून फिरवला होता, कुठे जुनं चित्रण नव्या नावाने. निवडणूक आयोगाचं आणि तथ्यपडताळणी संस्थांचं उत्तर तयार होतं, कारण त्याच खोलीत उभ्या असलेल्या इतर लोकांनी केलेलं पुढचंमागचं चित्रण उपलब्ध होतं: चूक तिथल्या तिथे लक्षात आली, सुधारली गेली. लाय चिंग-ते ४०.०५ टक्के मतांनी जिंकले. हरलेल्या दोघांनी त्याच रात्री निकाल मान्य केला. तैवानच्या केंद्राकेंद्रांवर मतदार जितके मोजके असतात, ते पाहता ९० कोटींहून अधिक मतदारांच्या भारताला हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. तत्त्व मात्र सरळ आहे: आयोगावर विश्वास ठेवा, असं मतदाराला सांगावं लागत नाही, तो डोळ्यांनी बघतो.

खरं-खोटं ठरवायचा मक्ता सरकारकडे द्यावा का, या प्रश्नावर मुंबईत एक महत्त्वाचा निवाडा झालेला आहे. केंद्राने एप्रिल २०२३मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून, सरकारी कारभाराविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा वा दिशाभूल करणारा’ आहे का हे सरकारचाच तथ्यपडताळणी कक्ष ठरवेल, अशी तरतूद केली. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२४मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं विरुद्ध पडली. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि ती तरतूद घटनाबाह्य ठरली. ‘बनावट’, ‘दिशाभूल करणारा’ हे शब्द इतके ऐसपैस आहेत, की त्यांत काहीही बसवता येईल, हा त्यातला एक मुद्दा. वादी, वकील आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकाच खात्याने घेतल्यावर परकीय अपप्रचार थांबेल न थांबेल, घरची टीका आधी थांबेल.

फ्रान्सने हे कोडं थोडं वेगळं सोडवलं. २०१७च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्राँ यांच्या प्रचार पथकाच्या चोरलेल्या ईमेल मतदानाच्या जेमतेम दोन दिवस आधी बाहेर आल्या होत्या. त्यांच्या माणसांनी हल्ला ओळखून खात्यांत आधीच खोटे, हास्यास्पद कागद पेरून ठेवले होते, त्यामुळे खरं काय आणि बनावट काय याचा चोरांच्याही गठ्ठ्यात गोंधळ झाला. फ्रेंच माध्यमांनीही संयम पाळला. पण दर वेळी एवढी तयारी असेलच असं नाही. म्हणून जुलै २०२१मध्ये ‘व्हिजिनम’ ही संस्था सुरू झाली. तिला फक्त सर्वांना दिसणारा मजकूर पाहता येतो, तोही परकीय हात असल्याच्या शंकेवरूनच. फ्रेंच माणसाच्या मतांशी तिचा संबंध नाही, मजकूर हटवायचा अधिकार नाही, आणि तिच्यावर नजर ठेवायला नीतिसमिती आहे. ती काय करते? तर माग काढते आणि छापते. १९८७च्या त्या अमेरिकी गटाचंच काम, नव्या हत्यारांनी. खुद्द वॉशिंग्टनमध्ये मात्र परराष्ट्र खात्यातला या कामाचा शेवटचा विभाग एप्रिल २०२५मध्ये बंद करण्यात आला.

व्हिजिनमने फेब्रुवारी २०२४मध्ये १९३ संकेतस्थळांचं एक रशियाधार्जिणं जाळं उघडकीला आणलं. या संकेतस्थळांना वाचक जवळपास नाहीतच. तरी ती दिवसरात्र, अनेक भाषांत मजकूर ओकत राहतात. अमेरिकेतल्या एका संस्थेच्या अंदाजाने वर्षाला ३६ लाख लेख. माणसं वाचत नसतील तर हा खटाटोप कोणासाठी? संशोधकांना वाटतं, यंत्रांसाठी. प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली इंटरनेटवरून मजकूर उचलतात. तिथे खोटं भरून ठेवलं, तर ते उत्तरात उतरेल. मार्च २०२५मध्ये ‘न्यूजगार्ड’ या संस्थेने अशा १० प्रणाली तपासल्या आणि सुमारे ३३ टक्के उत्तरांत या जाळ्याचे दावे आढळल्याचं म्हटलं. नंतरच्या एका अभ्यासात हे प्रमाण बरंच कमी निघालं. पण त्या अभ्यासाने एक गोष्ट नोंदवली: बनावट मजकूर उत्तरात शिरतो तो प्रामुख्याने जिथे त्या विषयावर विश्वासार्ह मजकूरच सापडत नाही अशा जागी. इंग्रजीत अशा जागा कमी आहेत. मराठीत युक्रेनचं युद्ध, तैवानची सामुद्रधुनी किंवा एखाद्या नव्या लशीविषयी प्रश्न विचारणाऱ्या माणसासमोर त्या किती असतील, हे मराठी वृत्तपत्रांनी, विश्वकोशकारांनी आणि विद्यापीठांनी एकदा बसून तपासायला हवं.